गलांडा : थोडक्या पाण्याचे फूल

मंडळी, फुलझाडे लावा असे कोणी सांगू लागला, की आपल्या दुष्काळी भागातला माणूस पहिला प्रश्न करतो, ‘‘अन् पाणी कुठलं घालायचं?’’ प्रश्न अगदी रास्त आहे. माण, खटाव, जत, आटपाडी, सांगोला या तालुक्यांत वर्षाकाठी पाऊस पडतो तो सरासरीने ५० सेंटिमीटरच्या आसपास, आणि तोही आपल्या लहरीने. ज्या घरच्या बाईला उन्हाळ्यात पिण्याचे पाणी लांबून डोक्यावर आणावे लागते, तिला ‘हंडाभर पाणी गुलाबाला घाल’ असे सांगणे म्हणजे तिची थट्टा करणे होय. म्हणून गुलाबाची गोष्ट आज बाजूला ठेवू. आज सांगायचे आहे ते गलांड्याविषयी.

बाग ही पाणीवाल्यांची चैन आहे, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. त्या समजापायी कितीतरी शाळांची आवारे उघडीबोडकी राहतात आणि दारापुढे तुळशीवाचून दुसरे झाड दिसत नाही. या समजात थोडे तथ्य आहे, पण पुरते नाही. पाणी कमी असते हे खरे. पण त्या पाण्याला साजेसे झाड आपण निवडत नाही, हेही तितकेच खरे. गलांडा पाण्यावाचून जगतो असे मुळीच नाही. तो थोडक्या पाण्यावर जगतो, आणि फार पाणी घातले तर मरतो. एवढी एक गोष्ट मनाशी पक्की धरली, म्हणजे पुढचे सारे सोपे आहे.

गलांडा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. नाव ठाऊक नसते एवढेच. दसऱ्या-दिवाळीच्या बाजारात झेंडूच्या ढिगाशेजारी आणि शेवंतीच्या पाटीला लागून तांबड्या-पिवळ्या फुलांची एक पाटी असते. पाकळी बुडाशी तांबडी, टोकाशी पिवळी, आणि मधला गड्डा तांबूस-तपकिरी. तोच गलांडा. पुणे, सातारा, अहिल्यानगर या जिल्ह्यांत काही शेतकरी तो विक्रीसाठी लावतात. हारात तो झेंडूच्या जोडीने ओवला जातो, तोरणात बसतो, आणि देवघरातही चालतो.

त्याचे पुस्तकी नाव गेलार्डिया. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये गेलार द शारांतोनो नावाचे एक न्यायाधिकारी होते. त्यांना वनस्पतिशास्त्राचा मोठा नाद, आणि त्या शास्त्राला त्यांचा आश्रयही असे. त्यांच्या नावावरून झाडाला हे नाव पडले. आपल्या बाजारात येता येता गेलार्डियाचा गलांडा झाला. लॉर्डसाहेबाचा लाटसाहेब झाला, त्यातलाच हा प्रकार! इंग्रजी बोलणारे लोक याला ‘ब्लँकेट फ्लॉवर’ म्हणतात. ब्लँकेट म्हणजे कांबळे किंवा घोंगडी. आता आपली घोंगडी काळी, तेव्हा हे नाव आपल्याला कोड्यात पाडते. पण अमेरिकेतील मूळ रहिवासी लाल-पिवळ्या पट्ट्यांची जी लोकरी कांबळी विणीत, त्यांच्या रंगांवरून हे नाव आले असे सांगतात. आपल्याकडे त्याला सोलापुरी चादरीचे फूल म्हटले असते, तर चटकन ओळख पटली असती.

हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे लावतात ती जात मेक्सिकोच्या उत्तर भागात आणि अमेरिकेच्या टेक्सास, ओक्लाहोमा या राज्यांत रानोमाळ उगवते. ओक्लाहोमा राज्याने १९८६ साली तिला आपले राज्य-रानफूल म्हणून मान दिला. परदेशचे म्हणून कोणी नाक मुरडू नये. ज्याच्यावाचून आपला दसरा होत नाही तो झेंडूही मेक्सिकोकडचाच, आणि आपल्या ठेच्यातली मिरचीसुद्धा त्याच खंडातून आलेली.

मूळ गाव सांगण्याचे कारण निराळे आहे. माणसाचा स्वभाव जसा घरावरून कळतो, तसा झाडाचा स्वभाव त्याच्या रानावरून कळतो. गलांड्याचे रान कसे? उघडे, उन्हाचे, वाळूमिश्रित, निचऱ्याचे. रस्त्याच्या कडेला, माळावर, इतकेच नव्हे तर समुद्रकाठच्या खाऱ्या वाळूतही तो तग धरतो. त्याचे पान बोटांनी चाचपून पाहा. त्यावर बारीक लव लागते. ही लव वाऱ्याला पानाच्या अंगाशी थेट भिडू देत नाही, त्यामुळे पानातले पाणी सावकाश उडते. अशा काटकसरी झाडाला पंगतीत बसवून आग्रहावर आग्रह केला, तर त्याला अजीर्ण व्हायचेच.

आता जमिनीचे पाहू. हलकी, मुरमाड, थोडी वाळू असलेली जमीन त्याला मानवते. आपण जिला बरड म्हणून सोडून देतो तीही चालते. थोडा खारटपणाही तो सोसतो. अडचण येते ती भारी काळ्या जमिनीत. काळी माती पाणी धरून ठेवते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, हे आपण विसरतो. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की तिथली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांवर बुरशी चढते. मग झाड भरल्या पाण्यात उभे असूनही माना टाकते. आपल्याला वाटते तहानले, आणि आपण आणखी एक तांब्या ओततो! काळ्या जमिनीत गलांडा लावायचाच असेल, तर वीतभर उंच गादीवाफा करा किंवा वरंब्यावर लावा, आणि मातीत वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. कुंडीत लावणार असाल, तर तळाला भोक हवेच. ऊन मात्र दिवसाकाठी निदान सहा तास हवे. झाडाच्या सावलीत किंवा भिंतीच्या उत्तर बाजूला लावलेला गलांडा उंच वाढतो, लवंडतो आणि फुलाला महाग होतो.

बी टाकल्यापासून फूल यायला साधारण तीन ते साडेतीन महिने लागतात. हा हिशेब धरून पेरणी करावी. दसऱ्याला फुले हवीत, तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बी टाकावे. पावसाची वाट पाहात बसू नये. रोपांपुरते पाणी तांब्याभर लागते, आणि रोपे ओसरीच्या कडेला एखाद्या खोक्यातही करता येतात. सप्टेंबरअखेर टाकलेल्या बियाची फुले जानेवारीत येतात. शाळांना हा हंगाम सोयीचा. २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला आवारात स्वतःची फुले असतात. जानेवारी-फेब्रुवारीत टाकलेले बी मे महिन्यात फुलते. ते घरच्या बागेला ठीक. शाळेला त्या वेळी सुट्टी असते, तेव्हा पाणी घालणार कोण?

रोपांसाठी चाळलेली माती, जुने कुजलेले शेणखत आणि वाळू सारखी घ्यावी. चार बोटांच्या अंतराने उथळ रेघा ओढून त्यांत बी विरळ टाकावे. बी हलके असते, चिमटीत नीट येत नाही; मूठभर वाळूत मिसळले की सारखे पडते. वरून माती अगदी हलक्या हाताने भुरभुरावी, बी झाकेल न झाकेल इतपतच. हे बी खोल गाडले तर उगवत नाही, कारण उगवायला त्याला थोडा उजेडही लागतो. मुंग्या बी ओढून नेतात. म्हणून वाफ्याभोवती राखेची रेघ ओढावी. पाणी बारीक भोकांच्या झारीने द्यावे. ८-१० दिवसांत अंकुर दिसतात, थंडीत थोडे अधिक दिवस लागतात. रोपे दाट झाली आणि वाफा सतत चिंब राहिला, तर ती बुडाशी काळी पडून कोलमडतात. तेव्हा विरळणी करावी आणि माती वरून सुकू दिल्यावरच पुन्हा पाणी द्यावे.

चार-पाच आठवड्यांत रोपाला पाच-सहा पाने फुटली की लावणी करावी. ती संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. रोप मुळाच्या मातीसह उचलावे. दोन रोपांत एक हात, म्हणजे ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. लहान रोपे पाहून हे अंतर फार वाटते आणि हात शिवशिवतो. मध्ये आणखी एक लावावेसे वाटते. लावू नका. गलांडा अंगाने पसरतो. दाटी झाली की पानांत हवा खेळत नाही, आणि पावसाळ्यात पानांवर ठिपके, थंडीत पांढरी भुरी येते. अंतर ठेवणे हे निम्मे औषध आहे.

लावणीनंतर पहिले दोन आठवडे मात्र कंजूषपणा करू नये. रोप नव्या जागी मूळ धरीपर्यंत एक-दोन दिवसांआड पाणी हवे. पुढे हात आखडावा. पाऊस चालू असेल तर घालूच नये. हिवाळ्यात हलक्या जमिनीत आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी पुरते. दिवस मोजण्यापेक्षा बोट मातीत दोन पेरे घालून पाहावे. ओल लागली तर थांबावे. पाणी सकाळी, बुडाशी घालावे. फुलांवर आणि पानांवर ओतू नये. झाडांभोवती पालापाचोळा किंवा उसाचे पाचट पसरले तर ओल जास्त टिकते. फक्त ते खोडाला चिकटू देऊ नये.

आता हिशेब करून पाहू. शाळेच्या दारापुढे ३० झाडे लावली. दर खेपेला झाडामागे एक लिटर पाणी धरले, तर ३० लिटर झाले. म्हणजे आपले दोन हंडे, आणि तेही आठवड्याकाठी. दुपारच्या आहाराच्या वेळी मुले हात धुतात, तेच पाणी एका पन्हळीने वाफ्याकडे वळवले, तर प्यायच्या पाण्यातला एक थेंबही खर्ची पडत नाही. भांडी घासलेले साबणाचे, तेलकट पाणी मात्र वळवू नये. घरी तांदूळ-भाजी धुतलेले पाणी चालते. ज्या गावात टँकरवर दिवस काढावे लागतात, तिथेही हात धुतल्यावाचून कोणी जेवत नाही. तेवढ्या पाण्यावर हे फूल उभे राहते.

पाण्याचे तेच खताचे. लावणीच्या वेळी दर झाडाला ओंजळ-दोन ओंजळी कुजलेले शेणखत मातीत मिसळावे, आणि कळ्या धरू लागल्यावर पुन्हा एक मूठ द्यावी. बस्स. युरियाची सवय झालेल्या आपल्या हातांना हे पटत नाही. पण नत्र फार झाले की झाड पानांचा पसारा मांडते, हिरवेगार दिसते, आणि फुलायचे लांबणीवर टाकते. पोट भरलेल्या झाडाला बियांची घाई नसते. शिवाय ते मऊ, लुसलुशीत होते आणि माव्याला आयते आमंत्रण मिळते.

रोप वीतभर झाले की वरचा शेंडा नखाने खुडावा. मुलांना हे क्रूर वाटते. त्यांना समजावून सांगावे. शेंडा असेपर्यंत तो बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो गेला की ते डोळे फुटतात, एकाच्या चार फांद्या होतात, आणि जितक्या फांद्या तितकी फुले. पुढे फुले येऊ लागली की कोमेजलेले फूल दांडीसह काढून टाकत जावे. झाड फुलते ते आपल्या डोळ्यांसाठी नव्हे, बियांसाठी. बी धरले की त्याचे काम झाले. मग ते आवरते घेते. फुले खुडत राहिलो तर ते बियांच्या आशेने पुन्हा पुन्हा कळ्या काढते, आणि दोन-अडीच महिने बहर टिकतो.

शिक्षक मंडळींना इथे एक चांगला धडा आयता मिळतो. गलांड्याचे ‘फूल’ हे एक फूल नव्हेच. ती एक वाडी आहे. ब्लेडने ते उभे चिरून मुलांच्या हाती द्या. मधल्या गड्ड्यात लहान लहान नळ्या दाटीने उभ्या दिसतील. त्यांतली प्रत्येक नळी हे एक पूर्ण फूल आहे. तिला शास्त्रात बिंबपुष्पक म्हणतात. कडेला ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, त्यांतली प्रत्येक पाकळीही एकेक निराळे फूलच आहे, ते किरणपुष्पक. त्याच्या टोकाला तीन दाते असतात, ती गलांड्याची खूण. या कडेच्या फुलांना बहुधा बी धरत नाही. त्यांचे काम पाहुण्याला बोलावण्याचे. बी धरते ते आतल्या नळ्यांत. या साऱ्या वाडीला स्तबक म्हणतात. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, करडई ही सारी याच कुळातली. मुलांनी एकदा हे पाहिले, की शेतातल्या करडईकडेही ती निराळ्या नजरेने पाहतील.

बाजारात गलांड्याचे दोन प्रकार भेटतात. एक एकेरी, कडेला चपट्या पाकळ्यांची एक रांग असलेला. दुसरा दुहेरी, त्याच्या साऱ्या नळ्या वाढून मोठ्या होतात आणि फूल चेंडूसारखे भरदार दिसते. हारासाठी दुहेरी चांगले भरते, आवारात शोभेसाठी दोन्ही सारखेच. परदेशांतून थंड हवेची, वर्षानुवर्षे टिकणारी एक जातही प्रसिद्ध आहे. पण आपल्या मैदानी भागात वर्षायू, म्हणजे एका हंगामात आटोपणारा गलांडाच लावावा.

रोग-किडी फारशा नाहीत, पण काही आहेत. कोवळ्या शेंड्यांवर मावा बसला, तर प्रथम नुसत्या पाण्याच्या जोराने धुऊन पाहावा. तेवढ्याने भागले नाही तर निंबोळीचा अर्क घ्यावा. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्याने गाळायच्या, आणि चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायचे. भारी विषारी औषधे फुलांवर मारू नयेत. गलांड्यावर मधमाश्या आणि फुलपाखरे येतात. त्याच माश्या शेजारच्या सूर्यफुलात आणि भोपळ्याच्या वेलावर फळधारणेचे काम करतात. त्या मेल्या तर नुकसान आपलेच. एखादे झाड पिवळे पडून त्याची फुले हिरवट, वेडीवाकडी येऊ लागली, तर त्याच्यावर औषध शोधीत बसू नये. तो रोग तुडतुडे एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. ते झाड मुळासकट उपटून नष्ट करावे. आणखी एक सूचना : काही जणांच्या कातडीला या झाडाच्या रसाने खाज सुटते. तसे झाले तर हात धुवावेत आणि पुढे फुले खुडण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे.

ज्यांना चार पैसे करायचे आहेत, त्यांनी गुंठा-दोन गुंठ्यांपासून आरंभ करावा. लावणीआधी जवळच्या बाजारातल्या हारवाल्याशी बोलून घ्यावे. एकेरी हवे की दुहेरी, तांबडे हवे की पिवळे, हे त्यालाच ठाऊक. सारी लागवड दसऱ्यावर डोळा ठेवून एकाच दिवशी करू नये. सगळ्यांची फुले एकदम येतात आणि भाव बसतो. पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोन तुकड्यांत लावावे. फूल पुरते उमलल्यावर, पहाटे गारव्यात खुडावे. खुडलेले फूल नंतर उमलेल ही आशा करू नये. ढीग उन्हात ठेवू नये. पाटीवर ओले फडके टाकून सावलीतून न्यावे.

शेवटी बियाचे. बहरात असतानाच, ज्या झाडाने कमी पाण्यात तग धरली, ज्याची फुले भरदार आणि रंग मनासारखा, त्या दोन-तीन झाडांना चिंधी बांधून ठेवावी. त्यांवरची काही फुले खुडू नयेत. पाकळ्या गळाल्या की मागे गोल, केसाळ बोंड उरते. ते तपकिरी होऊन हाताने सहज चुरले जाऊ लागले की काढावे, सावलीत वाळवावे, कागदाच्या पुडीत घालून वर साल लिहावे आणि कोरड्या डब्यात ठेवावे. पुढच्याच हंगामात ते वापरावे. माश्या इकडचे पराग तिकडे नेतात. तेव्हा रंगांची थोडी सरमिसळ होणार. त्याला हरकत नाही. दरवर्षी निवड करीत गेलात, तर तुमच्या मातीला आणि तुमच्या पाण्याला मानवेल असे बी हळूहळू तुमच्याच हाती जमा होईल.

शाळांनी याच झाडावर एक प्रयोग करून पाहावा. दहा-दहा झाडांचे दोन वाफे करा. पहिल्याला रोज पाणी आणि भरपूर खत. दुसऱ्याला वर सांगितले तेवढेच. दर शनिवारी मुलांनी दोन्हीकडची उंची मोजावी, फुले मोजावी, आणि वहीत मांडावी. कोणता वाफा आधी फुलला, कोणत्यात झाडे मेली, कुणी किती पाणी प्याले, हे मुलांच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेले असू द्या. दुष्काळी गावच्या मुलाला ‘आपल्याकडे काही येत नाही’ हे वाक्य लहानपणापासून ऐकावे लागते. दोन हंडे पाण्यात काय येते, हे त्याने स्वतः मोजलेले असले, म्हणजे मोठेपणी ज्वारी, तूर, बोर, डाळिंब निवडतानाही तो पहिल्याने विचारील, की या पिकाला पाणी किती लागते आणि माझ्याजवळ आहे किती? हंगाम संपला की प्रत्येक मुलाबरोबर बियाची एक पुडी घरी जाऊ द्यावी.